चकली वगळून

शर्वरी आमच्याकडे आठ दिवसांसाठी येणार होती. ती आठ महिने राहिली. त्या वर्षी आमच्या घरात चुकलेल्या अंदाजांची यादी करायची म्हटली तर पहिला क्रमांक याचा, आणि हा अंदाज बाबांचा होता. गंमत म्हणजे अंदाज बांधणं हाच बाबांचा व्यवसाय. इमारतीचे नकाशे आले की विटा किती, सळया किती, माणसं किती आणि दिवस किती लागतील हे काढून द्यायचं काम ते एका बांधकाम कंपनीत करायचे. पुण्याच्या कॉलेजातल्या मित्राची मुलगी इथेच मेलबर्नमध्ये, क्लेटनला शिकते, तिच्या शेअर-हाऊसमधल्या एका मुलीला कोविड निघालाय, ज्या रेस्टॉरंटमध्ये ती काम करायची ते बंद झालंय, एवढं फोनवर कळल्यावर मात्र त्यांनी कुठलीही आकडेमोड केली नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आल्याच्या दिवशी गाडी काढली आणि दोन बॅगा, एक कुकर आणि शर्वरी असं सगळं घेऊन आले. "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," असं ते मला म्हणाले आणि माझी अभ्यासाची खोली तिला दिली.

माझी म्हणजे तशी ती कोणाचीच नव्हती. पण टेबल माझं होतं, भिंतीवरचा बोर्ड माझा होता आणि बोर्डावरच्या याद्या माझ्या होत्या. मला लहानपणापासून याद्या करायची सवय. शाळेच्या कॅम्पला काय न्यायचं, कुठलं पुस्तक कोणाकडे आहे, कोणत्या मैत्रिणीच्या घरी बूट काढायचे आणि कोणाच्या नाही. मी एकोणीस वर्षांची होते, युनिच्या पहिल्या वर्षाला होते, आणि युनि घरापासून गाडीने दहा मिनिटांवर असूनही सगळी लेक्चर्स पलंगावर बसून ऐकत होते. ड्रायव्हिंगची टेस्ट दोनदा रद्द झाली होती. त्या वर्षाची माझी यादी अशी होती की तिच्यातली एकही ओळ मला खोडता येत नव्हती.

घराची तेव्हा वाटणी झालेली होती. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. नमुन्यांचे ट्रे संपता संपत नसत, त्यामुळे दुसऱ्या लॉकडाऊनपासून तिने स्वतःला पुढच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. ती लाँड्रीच्या दाराने आत यायची, तिथेच कपडे बदलायची, आंघोळ करायची आणि खोलीत जायची. पुढे शहरातले आकडे शून्यावर आले तरी तिने ते सोडलं नाही. तिचं ताट मी दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे आणि दारातूनच तिचे निरोप घ्यायचे. "तांदूळ संपलेत." "बाबांना गोळी घ्यायला सांग." "शर्वरीला विचार, तिला रजई पुरते का?" हे निरोपांचं खातं माझ्याकडे होतं आणि ते मी चोख सांभाळायचे. स्वयंपाकघरालगतचं मोठं टेबल बाबांचं ऑफिस झालं होतं. सकाळी सातपासून त्यांचा आवाज सुरू व्हायचा, "मेट, लेट मी कम बॅक टू यू ऑन दॅट", आणि फोन ठेवल्या ठेवल्या मराठीत, "याला काही समजत नाही." बाहेर बॉटलब्रशच्या झाडावर लोरिकीट पक्ष्यांचा कल्ला. वसंत सुरू झाला की मेलबर्नच्या गवताने माझं नाक वाहू लागायचं. मी शिंकले की बाबा लॅपटॉपवरून मान वर करून बघायचे, आणि मी ओरडायचे, "हे-फीव्हर! इट्स हे-फीव्हर!" म्हणजे गवताची ॲलर्जी, कोविड नव्हे.

शर्वरी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करत होती. पहिल्याच आठवड्यात तिने बाबांना विचारलं, "काका, पुस्तकात कामाची व्याप्ती ठरवा असं लिहिलंय. पण ठरवायची कशी? तुम्ही काय करता?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. मला तो चष्मा वर जाताना अजून दिसतो. मी त्यांच्या घरात एकोणीस वर्षं वाढले होते आणि माझ्या कुठल्याही प्रश्नाने तो तसा वर गेला नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'ह्यात आहे', उजवीकडे 'ह्यात नाही'. "आधी उजवीकडचं भर," ते म्हणाले. "डावीकडचं सगळ्यांना सुचतं. भांडणं उजवीकडच्या गोष्टींवरून होतात."

मग ते रोजचंच झालं. चहा झाला की ती वही घेऊन बसायची. काम फोडायचं कसं, कुठपर्यंत फोडायचं, ("दोन चहांच्या मधे संपेल एवढा तुकडा कर. त्याहून मोठा असेल तर तुला तो कळलेला नाही."), किती वेळ लागेल ते कोणाला विचारायचं, ("जो करणार आहे त्याला विचार. त्याच्या साहेबाला नको. साहेब नेहमी कमी सांगतो."). वाढीव वेळ उघड धरायचा. प्रत्येकाने आपल्यापुरता गुपचूप दोन-दोन दिवस जास्त धरला तर खरा आकडा कोणालाच कळत नाही. आज मी हेच वाक्य माझ्या हाताखालच्या मुलांना सांगते आणि त्यांना वाटतं ते माझं आहे. मी ते शिकले स्वयंपाकघराच्या ओट्याशी भांडी पुसता पुसता, त्यांच्याकडे पाठ करून. मला कोणी बस म्हणालं नाही. खरं सांगायचं तर मीही बसू का म्हणून विचारलं नाही. पण मत्सराला एवढ्या बारकाव्यांशी देणंघेणं नसतं.

बाबा तिला 'इंजिनिअर' म्हणू लागले. "काय इंजिनिअर, जेवलात का?" त्यांच्याकडे नकाशे मोजायची एक जुनी त्रिकोणी पट्टी होती, पुण्याहून आणलेली, कडांचे आकडे झिजलेली. लहानपणी मी तिला हात लावला की "ठेव ती" असा आवाज यायचा. ती पट्टी आता शर्वरीच्या वहीत खूण म्हणून असायची. ती आमची गाडी चालवायची, कारण तिच्याकडे लायसन्स होतं. ती बाबांच्या चहात आलं किसून घालायची आणि बाबा म्हणायचे, "असा चहा या घरात पहिल्यांदा झाला." तो चहा बारा वर्षांची असल्यापासून मी करत होते. बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, "तिला शर्वरीताई म्हण." मी कधीच म्हटलं नाही. वाईट गोष्ट ही की तिच्यात खोट सापडत नव्हती. ती भांडी घासायची, मी रडवेली दिसले तर विचारायची, "काय गं, काय झालं?" मी म्हणायचे, "नथिंग. ऑल गुड." मी मनात तिच्या चुकांची यादी सुरू केली होती. महिनाभरात त्यात दोनच नोंदी झाल्या: बेसिनमध्ये केस, आणि फोनवर मोठ्याने बोलते.

तिची खरी अडचण दिवाळीच्या सुमाराला पुढे आली. डिग्री मिळायला तिला बारा आठवडे कुठल्यातरी कंपनीत काम करायचं होतं आणि त्या वर्षी कोणी उभं करत नव्हतं. तिने साठ-पासष्ट ठिकाणी अर्ज केले होते. प्लेसमेंट मिळाली नाही तर आणखी एक सेमिस्टर थांबायचं, आणि ते तिच्या घरच्यांना झेपणार नव्हतं. म्हणजे परत जायचं, डिग्रीशिवाय. एका दुपारी जेवताना तिने बाबांना सरळ विचारलं, "काका, तुमच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकाल?"

बाबांनी घास संपवला. "शब्द टाकायला मला काहीतरी दिसलं पाहिजे. वहीत तू हुशार आहेस. एक काम मला सुरुवातीपासून शेवटापर्यंत करून दाखव. कुठलंही. मग मी बोलतो."

काम तिनेच शोधलं. दरवर्षी दिवाळीला हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम व्हायचा, तो अर्थातच नव्हता. आमच्या आजूबाजूला राहणारे मराठी विद्यार्थी, तिच्याच ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे, आठ महिने खोल्यांमध्ये नूडल्स खाऊन काढत होते. त्यांच्या दारात फराळाचा डबा पोचवायचा. बेचाळीस डबे. धनत्रयोदशीच्या दिवशी, अंधार पडायच्या आत.

त्या संध्याकाळी टेबलावर रेघ मारलेला कागद आला आणि आईही लाँड्रीच्या दारात मास्क लावून उभी राहिली. मी भांडी पुसत होते.

"डावीकडे काय?" बाबांनी विचारलं.

"चिवडा, शंकरपाळी, दोन बेसनाचे लाडू, सहा चकल्या."

"करंज्या?" आई दारातून म्हणाली.

"करंज्या उजवीकडे, काकू."

"अगं, करंजीशिवाय दिवाळी होते का?"

"ह्या वर्षी होते. अनारसेपण उजवीकडे. आणि दारात थांबून गप्पा मारणं पण उजवीकडे."

"कडक आहे हो ही," आई हसत म्हणाली. "आणि डबे बेचाळीसच का? पन्नासचं कर. कमी पडायला नको."

"काकू, तुम्ही आठ वाढवाल, काका पाच वाढवतील, मग मी घाबरून पाच. बेचाळीस नावं आहेत. दोन डबे जास्त, ते इथे लिहून ठेवलेत, सगळ्यांना दिसतील असे."

बाबा इतक्या जोरात हसले की शेजारचा कुत्रा भुंकला. "ऐकलंस? दोन, आणि लिहून!" ते आईला म्हणाले. मी एकच पातेलं तिसऱ्यांदा पुसत होते. माझ्या याद्यांना ते असे कधी हसले होते हे आठवायचा प्रयत्न करत होते.

चिवडा, शंकरपाळी आणि लाडू शर्वरी आणि मी करणार होतो. चकली आईच्या हाताशिवाय होत नाही हे घरात सर्वमान्य होतं. मोहन किती घालायचं ते ती पळी बघून ठरवायची, आणि पळीही तिची ठरलेली. तळण आमच्याकडे नेहमी मागच्या पत्र्याखाली, बाहेरच्या गॅसवर व्हायचं, म्हणजे पडद्यांना वास लागत नाही. आईने भाजणी आधीच करून ठेवली होती. रविवारी ती सुट्टीवर होती तेव्हा तिने नमुन्याचा एक घाणा काढला आणि शर्वरी खिडकीच्या आतून फोनवर वेळ मोजत उभी राहिली. एका घाण्यात सात चकल्या, आठ मिनिटं. सोऱ्या एक, कढई एक, हात आईचे. तिने हिशेब केला, पाच तास, वर एक तास उघड वाढीव. "काकू, बुधवारी तुम्हाला नक्की सुट्टी आहे ना?" तिने काचेतून विचारलं. आईने हातातल्या झाऱ्यानेच हो म्हटलं. शर्वरीने कागदावर लिहिलं: चकली, बुधवार, काकू. त्याखाली लिहिलं: काकूंची सुट्टी बदलली तर मंगळवारी रात्रीच्या आत मला कळलं पाहिजे. पुस्तकाप्रमाणे तिने सगळं बरोबर केलं होतं.

सोमवारी दुपारी मी आईचं ताट ठेवायला गेले. दार दोन बोटं उघडलं. आई झोपेतून उठलेली होती, केस विस्कटलेले. "ऋजू, बुधवारी पण बोलावलंय गं. लॅबमधली एक मुलगी आयसोलेशनमध्ये गेली. सकाळची शिफ्ट आहे. शर्वरीला लगेच सांग, म्हणजे मी उद्या दुपारी निघायच्या आधी जमेल तेवढं करून देईन. ती म्हणेल तसं. मी आता पळते, अंघोळ व्हायचीय."

मी हो म्हटलं.

तिथून टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत. मी निघाले तेव्हा सांगायलाच निघाले होते, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. टेबलाशी बाबा आणि शर्वरी माझ्याकडे पाठ करून बसले होते. बाबांनी त्यांच्या कंपनीचा खराखुरा नकाशा तिच्यासमोर पसरला होता. एका कोपऱ्यावर ते बोट ठेवून विचारत होते, "इथे काय राहिलंय सांग? मला दोन दिवस लागले होते सापडायला." तिने पट्टी ठेवली, बघितलं आणि म्हणाली, "जिन्याला दरवाजा नाही." बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास पोरी." मी फ्रिज उघडला, पाणी घेतलं आणि खोलीत गेले.

मग मंगळवार आला. मंगळवारभर तो निरोप माझ्याजवळ होता. सकाळी लाडू वळताना होता, शंकरपाळी कापताना होता. शर्वरी शेजारी गुणगुणत होती. साडेअकराला आई खोलीतून मला फोनवर म्हणाली, "काय म्हणाली शर्वरी? आज काही करायचं का?" मी म्हणाले, "नाही, ती बघेल म्हणाली." इतकं सोपं होतं ते. आधी मी फक्त गप्प होते, आता खोटं बोलले होते, आणि आवाज तोच होता. मला काय हवं होतं? चाळीसजणांची दिवाळी बिघडावी असं मला वाटत नव्हतं. तिची प्लेसमेंट जावी, ती परत जावी असंही, मला वाटतं, मी सरळ शब्दांत मनात आणलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की बाबांनी एकदा तिच्या कागदाकडे बघून भुवया आवळाव्यात. या एका इच्छेची मी व्याप्ती ठरवली नव्हती. तिच्यात काय काय येतं ते मी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सातला शर्वरी मागच्या पत्र्याखाली ओटा पुसून, तेल मोजून, सोऱ्या धुऊन तयार होती. साडेसातला ती पुढे गेली आणि परत आली. "ऋजू, काकूंची गाडी नाहीये."

"मेबी शॉपला गेली असेल," मी म्हणाले.

आईचा फोन लागत नव्हता. लॅबमध्ये तो लॉकरमध्ये असतो. आठला शर्वरीने फ्रिजवर लावलेलं आईच्या शिफ्टचं रोस्टर बघितलं, त्यात बुधवार मोकळाच दिसत होता. साडेआठला तिने ओढणी कमरेला बांधली. "चल. आपण करू. भाजणी आहे, कृती मला पाठ आहे." कृती तिला पाठ होती, पळी नव्हती. पहिल्या पिठात मोहन कमी पडलं आणि चकल्या अशा झाल्या की एक फरशीवर पडली तर टणत्कार झाला. दुसऱ्यात जास्त पडलं. सोऱ्यातून चकली सुरेख उतरली, तेलात गेली आणि हळूहळू विरघळली. तळाशी नुसता भुगा राहिला. मी सोऱ्या दाबत होते. पत्र्यावर ऊन चढलं होतं, तेलाचा धूर डोळ्यांत जात होता आणि मी शिंकत होते. शर्वरी झाऱ्याने भुगा काढत होती आणि एकदाही माझ्यावर खेकसली नाही. "पुन्हा," एवढंच म्हणायची. साडेअकराला भाजणीचा डबा रिकामा झाला. परातीत बऱ्या म्हणाव्या अशा एकोणीस चकल्या होत्या.

ती पाच मिनिटं पायरीवर बसली. मग उठून हात धुतले आणि सरळ टेबलापाशी गेली. बाबा मीटिंगमध्ये होते, त्यांनी आवाज बंद केला.

"काका, चकली होणार नाही. माझा अंदाज चुकला. काकूंची सुट्टी मी रविवारी विचारली, नंतर परत विचारली नाही. एका माणसावर सगळं ठेवलं होतं. आता दोन रस्ते आहेत. वाटप दोन दिवस पुढे ढकलायचं, किंवा चकली उजवीकडे टाकायची आणि लाडू दोनाचे तीन करायचे. बेसन आहे. मी दुसरा निवडते. सगळ्यांना आत्ताच मेसेज करते, उद्या दारात कळायला नको."

बाबांनी कागद मागितला. डावीकडची चकली खोडली, उजवीकडे लिहिली आणि खाली सही केली, ते कामावर करायचे तशी. त्यांच्या भुवया आवळल्या होत्या. मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात तेलकट हातांनी उभी होते.

अजून चार तास होते. आई चारला यायची. त्या चार तासांत मी चौदा वेळा ठरवलं की सांगते. बेसन भाजताना ठरवलं, साखर चाळताना ठरवलं. आमच्या व्यवसायात एक गोष्ट लवकर कळते की वाईट बातमी जितकी उशिरा सांगाल तितकी महाग पडते. मला ती तेव्हा कळली, पण कळून मी लाडू वळत राहिले.

आई आली, लाँड्रीत कपडे बदलले, मास्क लावून मागच्या दारात आली आणि परातीतल्या एकोणीस चकल्या बघून थबकली. "अगं बाई, हे काय? तुम्हीच केल्यात? मी सोमवारीच सांगितलं होतं की ऋजूला, बुधवारी मी नाही म्हणून. काल विचारलं तर म्हणाली शर्वरी बघेल."

लोरिकीट ओरडत होते. शर्वरीच्या हातात अर्धा वळलेला लाडू होता. तिने तो पूर्ण वळला, ताटात ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"ऋजू," बाबा म्हणाले, "हा निरोप तुझ्याकडे होता?"

"हो."

"सोमवारपासून?"

"हो."

"विसरलीस?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं, अगदी शर्वरीनेही. पण विसरणं हा एक दोष माझ्यात नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "नाही," मी म्हणाले.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे," म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले. रागावले असते तर मी भांडले असते. मी काय काय म्हणणार होते त्याची यादी माझ्याकडे तयार होती: टेबल, पट्टी, चहा, शाब्बास पोरी. ती ऐकायला कोणी उरलं नाही. आई दारातून एवढंच म्हणाली, "का गं?"

शर्वरी जेवणाआधी माझ्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही. "उद्या वाटपाला तू येणार आहेस. मी गाडी चालवीन, डबा तू देशील. आणि चकली का नाही ते तू सांगशील. खरं कारण."

"बेचाळीस लोकांना?"

"बेचाळीस."

"दॅट्स मीन."

"असेल," ती म्हणाली. "पण काम माझं आहे. कोणी काय करायचं ते मी ठरवते." मग दोन पावलं जाऊन परत आली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "मला तुझे बाबा नको होते गं. मला नोकरी हवी होती. बारा आठवड्यांची, फुकट करायची नोकरी. तेवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून येत होते तेव्हा बाबा त्यांच्या साहेबांशी फोनवर बोलत होते. मी पॅसेजमध्ये थांबले. एक मुलगी आहे, ते सांगत होते, आपल्या टीममध्ये बारा आठवडे घ्यावी असं मला वाटतं. हो, मी तिचं काम पाहिलंय. नाही, परफेक्ट नव्हतं, एक मोठा भाग राहिला. मग म्हणाले, चुकलं हे तिने मला दुपारी बाराच्या आत सांगितलं, संध्याकाळी पाचला नाही, आणि चूक तिची एकटीची नसताना सांगितलं. हे मी कोणाला शिकवू शकत नाही, मेट. बाकीचं शिकवतो. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण बाबा "जॅन्युअरी, नो वरीज" म्हणाले आणि हसले.

मी ओल्या केसांनी तिथेच उभी राहिले. इतके महिने तिला जे मिळत होतं त्याचा मला हेवा वाटत आला होता: खोली, गाडी, बाबांचा वेळ. त्या गोष्टी मला कधी ना कधी मिळण्यासारख्या होत्या. त्या सकाळी पहिल्यांदा मला तिच्या स्वभावाचा हेवा वाटला, आणि तो इतका कडू होता की मी नाश्ता केला नाही. पुढे मी अभ्यासक्रम बदलला, याच धंद्यात आले. लोक विचारतात वडिलांमुळे का, मी हो म्हणते. सांगायला ते सोपं जातं.

क्लेटनमध्ये एकामागे एक युनिट्स, म्हणजे छोटी बैठी घरं, बांधलेली असतात. शर्वरीने दर दाराला सात मिनिटं धरली होती. ती गाडी फाटकापाशी लावायची, खिडकी खाली घ्यायची, मी डबा घेऊन आत जायचे, दारात ठेवून बेल वाजवून मागे सरकायचे. मास्क लावलेले चेहरे यायचे, कोणी आंघोळ करून, कोणी लेक्चरमधून उठून, कानात इअरफोन. डबा बघून एक मुलगी रडली. कोणी म्हणालं, "आई गं, खऱ्या तुपाचा वास." आणि प्रत्येक दारात मी म्हणायचे, "हॅपी दिवाळी. चकली राहून गेली, सॉरी." ते म्हणायचे, "अरे मेसेज आला होता, काही हरकत नाही." मी परत गाडीत बसायचे. शर्वरी यादीवर खूण करायची आणि मी पुढचा पत्ता वाचायचे.

दुपारी तीनच्या सुमाराला एका मागच्या युनिटमध्ये साताऱ्याचा एक पीएचडी करणारा माणूस राहत होता, आमच्यापेक्षा बराच मोठा, दाढी वाढलेली. त्याने डबा दारातच उघडला, नाकाशी नेला, आत बोट घालून शोधलं. "चकली नाही?" तो म्हणाला. मेसेज त्याने पाहिला नव्हता. "आठ महिने मी एका चकलीचा विचार करतोय हो," तो म्हणाला, आणि हसला, पण ते अगदीच खोटं नव्हतं.

"नाही, आणि ते माझ्यामुळे," मी म्हणाले. "आईने एक निरोप दिला होता. तो मी पुढे द्यायचा होता. मी दिला नाही. मुद्दाम."

त्याने डबा बंद केला. "कोणाला द्यायचा होता?"

मी गाडीकडे हात केला. त्याने वाकून शर्वरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चिवड्यात खोबरं आहे ना?"

"आहे."

"मग जा," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी माझ्या बारा चकल्या."

मी गाडीत येऊन बसले, पट्टा लावला. शर्वरी समोर बघत होती, हात स्टिअरिंगवर. गाडी सुरू केली नव्हती.

"सदतीस दारांवर 'राहून गेली'," ती म्हणाली. "अडतिसाव्याला खरं कारण."

"तू मोजत होतीस?"

"काम माझं आहे. मोजणारच."

मला वाटलं आता ती पुढे काहीतरी म्हणेल आणि मी ते ऐकून घ्यायच्या तयारीने बसले. तिने यादीवर खूण केली, पेन कानामागे खोचलं आणि किल्ली फिरवली.

"मी शून्य धरलं होतं," ती म्हणाली. "चार राहिलेत. पत्ता वाच."